जुनी पंधराची मशीन: रुपयात किती आणे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दाभोळ खाडीत १६ फुटी फायबरची होडी आहे, वडील खाडीत आणि खाडीच्या तोंडापर्यंत मासेमारीला जातात. ओळखीच्या एकाकडे यामाहाची १५ एचपी टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायची मशीन) आहे, सोळा-सतरा वर्षांची. रंग नवा मारलाय, "इंजिन एकदाही खोललेलं नाही" असं तो सांगतो आणि ८५,००० मागतो. नारळी पौर्णिमेच्या आत सौदा करायचाय. भाव बरोबर आहे का?

दादा, मशीन न बघता "बरोबर आहे, घ्या" किंवा "महाग आहे, सोडा" असं कुणी सांगितलं तर त्याच्यावर जाऊ नका. मी गेली सव्वीस वर्षं मालवण-देवगड पट्ट्यात आउटबोर्डचं काम करतोय, आणि मलाही नुसत्या वयावरून, एचपीवरून भाव सांगता येत नाही. एकाच वर्षी, एकाच डीलरकडून घेतलेल्या दोन पंधराच्या मशीन माझ्याकडे आल्या आहेत. एक अजून रोज पहाटे जाळ्याला जाते, दुसरी सातव्या वर्षी भंगारात गेली. फरक वयाचा नव्हता, मिठाचा होता. पहिलीला बंदरावर आल्यावर गोडं पाणी मिळत होतं, दुसरी खारं पाणी पोटात घेऊन तशीच उन्हात उभी राहायची.

म्हणून प्रश्न मी थोडा बदलून घेतो. खाडीच्या तोंडावर ओहोटीचं पाणी आणि बाहेरची लाट समोरासमोर येतात तिथून ही मशीन वडिलांना रोज परत आणेल का? आणि तशी भरवशाची व्हायला ८५,००० वर आणखी किती घालावे लागतील? या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे तुमची खरी किंमत. विकणारा फक्त पहिला आकडा सांगतो. दुसरा आपला आपण काढायचा असतो.

आमच्याकडे हिशेबाची एक साधी रीत आहे. तशीच नवी मशीन आज डीलरकडे काय भावानं मिळते ते फोन करून विचारायचं. तो झाला एक रुपया, म्हणजे सोळा आणे. मग जुनी मशीन त्या रुपयातले किती आण्यांची, एवढंच ठरवायचं. अशानं भाव दरवर्षी बदलला तरी रीत बदलत नाही. तुमच्याकडचा आजचा भाव तुम्ही विचाराच. इथे सोपं जावं म्हणून मी नव्या पंधराचे १,६०,००० धरतो. म्हणजे एक आणा १०,००० चा. या हिशेबानं तो माणूस तुमच्याकडे साडेआठ आणे मागतोय.

माझ्या अनुभवात पाच वर्षांची, नीट सांभाळलेली टू-स्ट्रोक दहा आण्यांपर्यंत जाते. दहा वर्षांची आठ आणे. पंधराच्या पुढे सहा आणे, आणि तिथे भाव बराचसा थांबतो. गाडीसारखा तो दरवर्षी खाली खाली जात नाही. कारण सरळ आहे. युरोप-अमेरिकेत कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोक नव्यानं विकणं बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण जपानी कंपन्या आपल्यासारख्या देशांतल्या मच्छीमारांसाठी त्या अजून बनवतात. सुटे भाग मिळतात, काम करणारे हात किनाऱ्यावर आहेत, आणि चालणारी मशीन ही वीस वर्षांची असली तरी उद्या पहाटे पैसे मिळवून देते. भाग मिळत नसतील तर मात्र हे सगळं गडगडतं. जॉन्सन हे नाव २००७ नंतर बंद झालं, इव्हिनरूडचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं. अशी मशीन कितीही गुळगुळीत चालत असली तरी आपल्या किनाऱ्यावर मी तिला तीन आण्यांच्या वर नेत नाही. यामाहाचं तसं नाही, ही तुमच्या बाजूची गोष्ट.

तर तुमची सुरुवात सहा आण्यांपासून. म्हणजे सगळं काही चोख निघालं तर ६०,०००, फार तर अर्धा आणा वर. इथून पुढे बघायचं ते किती वजा करायचं याचंच.

बघायला जाल तेव्हा

पोचल्यावर बोलण्याआधी हूड उघडून हात सिलिंडरच्या हेडवर ठेवा. गरम लागलं तर तुम्ही येण्याआधी मशीन चालू करून ठेवलीय. थंड मशीन किती दोऱ्या ओढल्यावर उठते हे तुम्हाला दिसू नये, एवढंच त्यामागे असतं. तसं असेल तर रागावू नका, चहा घ्या, तासाभरानं पुन्हा या. चांगली टू-स्ट्रोक चोक ओढून तिसऱ्या-चौथ्या दोरीला उठायला हवी.

मग नंबर. ब्रॅकेटवर एक छोटी पट्टी असते, तिच्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर. पट्टी नसेल, नंबर घासलेला असेल, किंवा पावतीशी जुळत नसेल तर तिथेच उठा. त्या मशीनची किंमत माझ्या लेखी शून्य, कारण चोरीची निघाली तर मशीन जाईल, पैसे जातील आणि पोलीस ठाण्याच्या फेऱ्या वडिलांच्या नशिबी येतील. शासनाच्या योजनेतून अनुदानावर घेतलेली असेल तर ती विकण्यावर काही अट आहे का, हे मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे एकदा विचारून घ्या. ओळखीचा माणूस असला तरी हे विचारायला लाजू नका.

नंबर बघताना दुसरीही एक गोष्ट लक्षात येते. यामाहाच्या टू-स्ट्रोकमध्ये ९.९ आणि १५ यांचा ब्लॉक एकच, २४६ सीसीचा. फरक कार्ब्युरेटरसारख्या थोड्या भागांचा. त्यामुळे ९.९ वर पंधराचं स्टिकर लावलं तर बाहेरून कळत नाही. हूड आणि स्टिकर बाजारात मिळतात. मॉडेलची पट्टी खरं सांगते. मॉडेलच्या सुरुवातीला "ईके" असेल तर ती केरोसीनची मशीन आहे. केरळात अशा मशीन खूप चालतात आणि तिथून जुन्या होऊन आपल्याकडे येतात. केरोसीनसाठी त्यांचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मुळातच कमी ठेवलेलं असतं, पेट्रोलवर चालतात पण तेवढी ताकद देत नाहीत, आणि आत कार्बन जास्त धरलेला असतो. अशी निघाली तर एक ते दीड आणा वजा.

शाफ्टही मोजा. शॉर्ट १५ इंच, लाँग २० इंच. तुमच्या होडीची मागची फळी किती उंच आहे ते आधी घरून मोजून न्या. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत यायला हवी. शाफ्ट जुळत नसेल तर स्वस्तातली मशीनही तुमच्या कामाची नाही. फळी कापून किंवा लाकूड चढवून केलेली जुळवाजुळव मी फार वेळा तुटताना पाहिली आहे.

आता रंगाबद्दल. नव्या रंगाची मला भीती वाटते, आणि ती मी कधी लपवत नाही. समुद्रातल्या मशीनचा जुना, विटलेला, पण मूळचा रंग म्हणजे उघडं पुस्तक असतं. कुठे पांढरी भुकटी फुटलीय, कुठल्या जोडातून मीठ बाहेर आलंय, कुठला बोल्ट याआधी खोललाय, सगळं दिसतं. नवा रंग हे सगळं झाकतो. "एकदाही खोललेलं नाही" हे तपासायचं असेल तर हेडच्या आणि एक्झॉस्ट कव्हरच्या बोल्टांची डोकी टॉर्च लावून बघा. पान्याच्या खुणा, बोल्टाखालचा तुटलेला जुना रंग, गॅस्केटच्या कडेनं बाहेर आलेला सिलिकॉन दिसला तर ती खोललेली आहे. खोललेली असणं वाईट नाही, लक्षात घ्या. नीट हातानं काम झालेली मशीन न खोललेलीपेक्षा बरी. पण मग तो खोटं का बोलला, हा प्रश्न उरतो, आणि बाकीच्या त्याच्या सांगण्यावर मी तेवढाच कमी विश्वास ठेवतो.

कॉम्प्रेशन आणि गिअर ऑइल

बाकी काही जमलं नाही तरी या दोन तपासण्या कराच. दोन्ही मिळून अर्ध्या तासाचं काम. जवळच्या मेकॅनिकला सोबत न्या, त्याला त्याची मजुरी द्या. तेवढे पैसे वाचवू नका.

कॉम्प्रेशनसाठी दोन्ही प्लग काढायचे, प्लगच्या वायरी बॉडीला लावून अर्थ करायच्या, थ्रॉटल पूर्ण उघडायचा आणि गेज लावून दोरी जोरात पाच-सहा वेळा ओढायची, काटा वाढायचा थांबेपर्यंत. मग दुसऱ्या सिलिंडरला तेच, तेवढ्याच जोरानं. धडधाकट मशीन शंभर पीएसआयच्या वर असते, नव्वदच्या खाली आली की मी काळजीत पडतो. पण प्रत्येकाचं गेज थोडं वेगळं दाखवतं, म्हणून नुसत्या आकड्यावर भांडू नका. दोन सिलिंडरांमधला फरक बघा. एक ११५ आणि दुसरा ११० असेल तर झोपा निवांत. एक ११५ आणि दुसरा ८५ असेल तर एका सिलिंडरच्या रिंगा तरी अडकल्यात, भिंतीला ओरखडे तरी पडलेत, नाहीतर हेडचं गॅस्केट गेलंय. दहा टक्क्यांच्या आत फरक ही माझी रेषा. त्यापुढे गेलं की पिस्टन, रिंगा, बोअर, बेअरिंग, गॅस्केट असं काम पुढे उभं आहे असं धरायचं. ते तीन ते चार आण्यांचं. सहातून चार गेले की उरतात दोन, आणि दोन आणे ही साधारण सुट्या भागांची किंमत झाली.

काढलेले प्लगही बघून घ्या. दोन्ही सारखेच तपकिरी असावेत. एक काळा ओला आणि दुसरा पांढरा असेल तर पांढरा जास्त धोक्याचा. त्या सिलिंडरला मिश्रण कमी मिळतंय आणि तो तापतोय. एखादा प्लग पाण्यानं धुतल्यासारखा स्वच्छ दिसला तर आत पाणी जातंय.

गिअर ऑइलचं सांगतो. गेल्या श्रावणात शेजारच्या गावातले एक काका पंधराची मशीन घेऊन आले होते. सौदा ठरलेला, विसार दिलेला, फक्त "एकदा बघ रे" म्हणून आणलेली. मशीन रात्रभर सरळ उभी ठेवून सकाळी मी गिअरचा खालचा स्क्रू अर्धा सोडला. पहिला थेंब ऑइलचा आलाच नाही. स्वच्छ पाणी आलं, अर्धा चहाचा कप भरेल एवढं. त्यामागून आलं ते दूध घातलेल्या कॉफीसारखं घट्ट, फिकट ऑइल. रात्रभर पाणी खाली बसलं होतं. स्क्रूच्या टोकाच्या चुंबकावर करड्या लोण्यासारखा बारीक थर होता, तो सगळ्यांच्याच असतो, त्याचं काही नाही. पण तो थर बोटांत चोळल्यावर आत दोन टोकदार कण लागले. गिअरच्या दाताचे. पंखा काढला तर शाफ्टभोवती तंगूस (जाळ्याचा नायलॉन दोरा) इतकं आवळून बसलं होतं की त्यानं सीलची रबरी कड कापून टाकली होती. तिथूनच पाणी आत गेलं होतं.

सील नुसतीच गेली असती तर एक आणा. पण गिअरचे दात सुटायला लागलेले असले की गिअर, क्लच, बेअरिंग मिळून तीन आणे सहज होतात. काकांनी साडेसात आण्यांना ठरवलेली मशीन शेवटी सव्वाचारला घेतली, आणि विकणाऱ्यानंही ती दिली, कारण ऑइलचा तो कप मी तसाच ठेवला होता आणि तो त्याच्यासमोर होता. भांडण झालं नाही. म्हणून तुम्हालाही सांगतो, सौदा ठरवायच्या आधी स्क्रू सोडा आणि मशीन आदल्या रात्रीपासून उभी ठेवायला सांगा. हलवून आणलेल्या मशीनमध्ये पाणी आणि ऑइल एक झालेलं असतं, नीट कळत नाही.

पंखा फिरवताना त्याच्या मधल्या टोकाकडे बघत राहा. ते एका जागी फिरायला हवं. डगमगलं तर शाफ्ट वाकलाय, कुठेतरी खडकाला लागलीय.

पाण्यात वीस मिनिटं

हे मी सगळ्यात जोर देऊन सांगतो, कारण यात मी स्वतः भाजलोय. धंदा सुरू करून तीन-चार वर्षं झाली होती. एक पंचवीसची मशीन दिसली, चकचकीत, निम्म्या भावात. मी ती अंगणात ड्रममध्ये पाच मिनिटं चालवली. इंजिन थंड करून मागून बाहेर पडणारी पाण्याची धार छान येत होती, आवाज गोड होता. घेतली. होडीला लावून बंदराबाहेर गेलो आणि साधारण वीस मिनिटांनी ती जड व्हायला लागली, आवाज बदलला आणि थांबली. आत पाण्याच्या वाटांत मीठ इतकं दगडासारखं बसलं होतं की ड्रममधल्या मंद चालीला पुरणारं पाणी पूर्ण लोडला पुरत नव्हतं. वल्ही मारत परत आलो. हेड खोलायला गेलो तर मिठानं धरलेले बोल्ट एकामागून एक तुटत गेले, तुटलेले बोल्ट लेथवाल्याकडे जाऊन काढावे लागले. मशीनला दिले त्याच्या निम्म्याहून जास्त पुन्हा तिच्यावर घातले.

म्हणून ड्रमवर विश्वास नाही. होडीला लावा, दोन माणसं बसवा, आणि वीस मिनिटं चालवा. त्यातली दहा मिनिटं पूर्ण थ्रॉटलला. मागची धार सारखी येतेय ना ते बघा. धार कोमट हवी, हाताला भाजेल इतकी गरम नको. धार कमजोर आहे हे नुसत्या इम्पेलरचं, म्हणजे पाणी वर ओढणाऱ्या पंपाच्या चाकाचं, असेल तर काही नाही. इम्पेलर रबराचा असतो, वर्ष-दोन वर्षांनी बदलायचाच असतो, स्वस्त आहे. पण "इम्पेलर बदलला की झालं" हे वाक्य विकणाऱ्याच्या तोंडून आलं तर मी विचारतो, एवढं स्वस्त आहे तर तू का नाही बदललास? धार कमजोर असलेली मशीन मी तापणारी मशीन म्हणूनच मोजतो. दोन आणे वजा, जोपर्यंत तो इम्पेलर बदलून पुन्हा चालवून दाखवत नाही.

पूर्ण लोडवर असताना गिअर सुटून उडी मारतो का, ते बघा. "खट् खट्" असा आवाज येऊन पंखा क्षणभर मोकळा फिरला तर क्लचचे कोपरे झिजलेत. वीस मिनिटांनी तापलेली मशीन बंद करून लगेच पुन्हा चालू करा. थंड असताना छान उठणारी मशीन गरम झाल्यावर उठत नसेल तर बहुतेक वेळा सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा), कॉइल किंवा आतलं मॅग्नेटचं वाइंडिंग जातं आहे. हे भाग गरम झाल्यावरच रडतात. एकेक आण्याच्या आसपास प्रत्येकाचे, आणि नक्की कुठला गेलाय ते कळेपर्यंत दोन बदलले जातात. तुमचे वडील खाडीच्या तोंडावर मशीन बंद करून जाळं ओढणार असतील तर गरम मशीन एका दोरीत उठलीच पाहिजे. इथे मी पैशाचा हिशेब करत नाही. हे दुरुस्त होऊनच मशीन घ्यायची.

ऑइल, पेट्रोल आणि बाकीचं

मालकाला सहज विचारा, पेट्रोलमध्ये ऑइल कुठलं आणि किती घालतोस. "पन्नास लिटरला एक लिटर, टीसी-डब्ल्यू३" (आउटबोर्डच्या ऑइलचा दर्जा) असं उत्तर आलं तर माझ्या मनात अर्धा आणा वाढतो. मोटरसायकलचं टू-टी स्वस्त पडतं म्हणून अनेकजण तेच घालतात. आउटबोर्डचं ऑइल राख न सोडणारं असतं, गाडीचं तसं नसतं. ती राख रिंगांच्या खाचेत बसते आणि रिंगा धरते.

२०२५ पासून पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतंय. इथेनॉल ओल धरतं, आणि आपली हवा तर दमटच. जुन्या काळातल्या रबरी नळ्या, हातपंपाचा फुगा, फ्युएल पंपाचा पडदा त्यानं फुगतात, चिरतात. मशीन कुणाचीही असो, घेतल्यावर ही सगळी रबरं बदलायची आणि कार्ब्युरेटर धुवायचा. याला फार पैसे लागत नाहीत, पण मी प्रत्येक जुन्या मशीनमधून अर्धा आणा यासाठी आधीच काढून ठेवतो. फोर-स्ट्रोक असती तर इंजिन ऑइल, व्हॉल्व्ह आणि बेल्ट यांचं वेगळं बघावं लागलं असतं. तुमच्यापुढे तो प्रश्न नाही.

आणि किमतीइतकंच पेट्रोलाकडे बघा. पंधराची टू-स्ट्रोक पूर्ण थ्रॉटलला तासाला सहा-सात लिटर पिते. वडील दिवसाला आठ-दहा लिटर जाळत असतील तर रोजचे हजारेक रुपये झाले. वर्षाला दीडशे दिवस धरले तर दीड लाख. झिजलेली, कार्बन धरलेली मशीन यात पंधरा-वीस टक्के जास्त जाळते. म्हणजे दरवर्षी २०-३० हजार, दोन-तीन आणे, फक्त धुरात. दहा हजार स्वस्त मिळाली म्हणून झिजलेली मशीन घेणाऱ्याला हे पहिल्याच हंगामात कळतं.

ब्रॅकेटचे फळीला आवळायचे स्क्रू फिरतात का, मशीन डावी-उजवीकडे वळते का, वर उचलून थांबते का, ॲनोड (मशीनऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) शिल्लक आहे की संपलाय, एवढं जाता जाता बघा. स्टिअरिंग मिठानं धरलेलं असेल तर सोडवायला दोन दिवस आणि बरीच उष्णता लागते. अर्धा आणा.

तुमचा आकडा

सगळं जोडून तुमच्या मशीनचं असं होतं. पावती आणि नंबर जुळतोय, दोन्ही सिलिंडर जवळजवळ सारखे, गिअर ऑइल स्वच्छ, वीस मिनिटं लोडवर धार सारखी, गरम असताना एका दोरीत उठते: सहा आणे, माणूस ओळखीचा आणि सांभाळणारा असेल तर साडेसहापर्यंत. त्यातून रबरांचा अर्धा आणा वजा. म्हणजे वर धरलेल्या भावानं ५५,००० ते ६०,०००. गिअर ऑइल दुधाळ असेल पण कण नसतील तर ४५ ते ५०. कॉम्प्रेशनमध्ये मोठा फरक असेल तर मी २०-२५ च्या वर जाणार नाही, आणि तुमच्या घरात दुसरी मशीन नसेल तर त्या भावालाही घेऊ नका, कारण काम होईपर्यंत होडी किनाऱ्यावर बसेल. पाण्यात चालवून दाखवायला तो तयारच नसेल तर माझ्या हिशेबात ती दोन आण्यांची, मग रंग कितीही चकचकीत असो. ८५,००० ला मी ती कुठल्याच परिस्थितीत घेणार नाही. साडेआठ आण्यांत आठ-नऊ वर्षांची चांगली मशीन मिळते.

यात बदल होतो तो दोन गोष्टींनी. वडील फक्त खाडीच्या आत, वल्ह्याच्या टप्प्यात फिरत असते तर मी थोडी जोखमीची मशीनही चालेल म्हटलं असतं. ते तोंडापर्यंत जातात, म्हणून मी कडक आहे. दुसरं म्हणजे वेळ. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची बंदी असते, त्या दिवसांत आणि त्याच्या आधी मे महिन्यात विकणारे जास्त असतात. नारळी पौर्णिमा जवळ आली की प्रत्येकाला मशीन हवी असते आणि भाव एक-दीड आणा वर चढतो. तुम्ही नेमके त्या पंधरवड्यात सौद्याला बसलाय. वडिलांची सध्याची मशीन आणखी महिनाभर ढकलता येत असेल तर ढकला. आणि पावसाळाभर बंद पडून असलेली मशीन बघताना दोरी हळू ओढून आधी ती मोकळी फिरते का बघा. जोरात झटका देऊ नका, धरलेली रिंग तुटते.

ओळखीचा माणूस आहे म्हणून घासाघीस करायला संकोच वाटत असेल तर आकडा बोलू नका. कॉम्प्रेशनचे आकडे कागदावर लिहा, गिअर ऑइल पारदर्शक बाटलीत धरा, आणि त्याला विचारा की यावर काय काम करावं लागेल असं तुला वाटतं. बहुतेक मच्छीमार मशीन ओळखतात. त्याच्याच तोंडून खर्च निघाला की भाव आपोआप खाली येतो आणि संबंध राहतात.

दोन्ही सिलिंडरांचे आकडे, गिअर ऑइलचा रंग, आणि पट्टीवरचं मॉडेल, एवढं मला लिहून कळवा. त्यावर मी तुम्हाला याहून नेमका आकडा सांगेन. आणि पाण्यात चालवून बघायला जाल तेव्हा वल्ही सोबत ठेवा, भरती चढती असताना निघा, म्हणजे मशीन थांबलीच तर पाणी तुम्हाला आत ढकलेल, बाहेर नाही.